तीन अक्षरं

कोल्खोजच्या कचेरीत टंकयंत्र एकच,
काळं, मेंढीएवढं जड,
आणि त्याला रशियन तेवढं यायचं.
आमच्या बोलीतली तीन अक्षरं त्याच्या पोटात नव्हती:
एक नाकातून निघणारं, घंटेच्या शेवटासारखं,
उरलेली दोन ओठांचा चंबू केल्याशिवाय न उमटणारी.

आई 'न' टंकायची, मग पेन उचलून
त्याच्या पायाशी बारीक शेपूट काढायची.
'ओ'च्या पोटातून आडवी रेघ.
तिसऱ्याला उपायच नव्हता; त्याची जागा कोरी सोडायची
नि पान बाहेर आल्यावर हातानं भरायची,
उशिरा येणाऱ्यासाठी नान झाकून ठेवावं तशी.

लोकरीचा उतारा, दुधाची लिटरं, मेलेल्या कोकरांचा आकडा,
हे वर जाणारे कागद. त्यांना शेपट्या लागत नसत.
शेपट्या खालीच राहणाऱ्या कागदांना:
लग्नाला दोन दिवस रजा हवी.
आजोबा गेले.
छप्पर गळतंय.

तिचं नाव स्युयुमकान.
त्यात ते तिसरं अक्षर दोनदा येतं.
पगाराच्या यादीत मात्र कुणी जागा सोडली नव्हती;
तिथं ती सुयुमकान,
जराशी दुसरीच बाई,
आणि सही करून पैसे मात्र हीच घ्यायची.

ऑगस्ट संपत होता. बटाटे काढायचे होते.
रेडिओ स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघरात कुणी नाही.
आम्ही देश झालो हे दूध गोळा करणाऱ्या तुर्दुबेकनं सांगितलं,
सायकलवरून न उतरता.
बाबांनी विचारलं, "कुणापासून?"
मग बराच वेळ नुसतं फावडं बोलत राहिलं.

कचेरीतल्या कोऱ्या कागदांवर वर छापलेला जुना देश.
अध्यक्ष म्हणाले, फेकू नका, पट्टीनं रेघ मारा.
नऊ हजार कागद होते.
दीड वर्ष ती एका देशावर काट मारत होती,
रोज, सकाळच्या चहाआधी,
पट्टी जराही न हलवता.

हिशेबनीस झिनाइदा पावलोव्हना सारातोव्हला निघाली,
जिथं ती जन्मात गेली नव्हती.
लोक त्याला मायदेशी परतणं म्हणत.
जाताना जेरेनियमची कुंडी दिली, काकडीच्या अकरा बरण्या दिल्या.
"पाणी बेतानं घाल," म्हणाली.
कुंडीबद्दलच असावं.

पगार आधी रूबलमध्ये आला नाही,
मग सोममध्ये आला नाही.
एकदा पीठ होऊन आला,
एकदा रबरी बूट, सगळे एकाच मापाचे.
त्या हिवाळ्यात गावाची पावलं ओळखू येईनात.

मग राजधानीहून लिफाफा.
छापील, आमच्याच बोलीत,
तिन्ही अक्षरं जन्मतःच पूर्ण.
पहिल्याच ओळीत तिचं नाव, तिचंच,
दोन्ही जागी ते अक्षर ठसठशीत उभं.
दुसऱ्या ओळीत: कोल्खोज बरखास्त, कचेरी बंद,
आपल्या वाट्याला सात मेंढ्या
आणि एका ट्रॅक्टरचा चौथा हिस्सा.

आईनं सवयीनं पेनाचं टोपण काढलं.
पानभर शोधलं.
कुठं काही राहिलेलंच नव्हतं.
निबवरची शाई वाळेपर्यंत ती तशीच बसली.

ट्रॅक्टरचा चौथा हिस्सा अजून यायचाय.
मेंढ्या आल्या, कानात कोल्खोजचे पत्र्याचे बिल्ले.
शेजारच्या कळपात मिसळल्या तर ओळखायच्या कशा?
तिनं पकडीनं बिल्ले काढले,
निळ्या रंगात बोट बुडवलं
आणि एकेकीच्या मागच्या पायाशी, उजवीकडे,
खाली वळणारी एक बारीक रेघ ओढली.

सातवी उड्या मारत होती.
तिची पार खुरापर्यंत गेली.